संगीतावरचे प्रबंध शोधताना: शब्दयादीपासून हातात प्रत येईपर्यंत

संगीतातल्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे नोंदणीसाठी द्यायच्या संशोधन-आराखड्यात, एक वाक्य हमखास सापडतं: ‘प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’ आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, सगळ्यात आधी हेच वाक्य कोसळतं. समितीतलं कुणीतरी सांगतं की यावर धारवाडला किंवा बनारसला काम झालेलं आहे, आणि उमेदवाराकडे उत्तर नसतं. याचं कारण आळस क्वचितच असतो. शोध घेतलेला असतो, पण एकाच स्पेलिंगने, एकाच संकेतस्थळावर आणि फक्त संगीत विभागात. प्रत्यक्षात आपल्याकडचे संगीतविषयक प्रबंध देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्यांत, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा निदान तीन भाषांत आणि सात-आठ वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले असतात.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच विषय उदाहरणाला धरला आहे: ‘मराठी संगीत नाटकातली वाद्यसाथ’. म्हणजे ऑर्गन, सारंगी, तबला, व्हायोलिन यांची नाट्यपदांना होणारी साथ. आपला विषय दुसरा असेल तर शब्द बदलतील, क्रम तोच राहील.

## पायरी १: विषयाची एक ओळ आणि नोंदीचा तक्ता

आधी विषय एका ओळीत लिहा आणि त्याचे तुकडे पाडा. आपल्या उदाहरणात चार तुकडे पडतात: संगीतप्रकार (नाट्यसंगीत), अंग (वाद्यसाथ), प्रदेश-भाषा (मराठी) आणि काळ (उदाहरणार्थ १८८० ते १९४०). शोधताना एका वेळी फार तर दोन तुकडे वापरायचे. चारही एकदम टाकले की निकाल शून्य येतो, आणि त्या शून्यालाच लोक ‘संशोधन झालेलं नाही’ समजतात.

मग एक्सेलमध्ये दोन पानं उघडा. पहिलं शोधनोंदीचं. रकाने: तारीख, संकेतस्थळ, टाकलेले नेमके शब्द (स्पेलिंगसकट), किती निकाल आले, किती उघडून पाहिले. दुसरं प्रबंधांचं. रकाने: संशोधक, शीर्षक जसंच्या तसं, विद्यापीठ, विभाग, मार्गदर्शक, वर्ष, भाषा, प्रत कुठे आहे, पाहिला का, उपयोग काय.

शोधनोंदीचं पान कंटाळवाणं वाटतं, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. तीन आठवड्यांनी ‘हा शब्द टाकून पाहिला होता का’ हे आठवत नाही आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. शिवाय सिनॉप्सिसमध्ये आपला शोध किती खोल होता हे दाखवायला हेच पान कामाला येतं.

## पायरी २: शब्दयादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन पूर्ण दिवस गेले तरी चालतील. या पायरीत कुचराई झाली की पुढच्या सगळ्या पायऱ्या अर्ध्या होतात.

प्रत्येक तुकड्याचे पर्यायी शब्द आधी देवनागरीत लिहून काढा. ‘नाट्यसंगीत’ या एका शब्दाबरोबर नाट्यपद, नाट्यगीत, संगीत नाटक, संगीत रंगभूमी, मराठी रंगभूमीचं संगीत हे सगळे यादीत हवेत. वाद्याच्या बाजूला ऑर्गन, पायपेटी, पेटी, बाजाची पेटी, हार्मोनियम, संवादिनी. ‘साथ’ला साथसंगत, संगत, साथीदार, वादक.

मग हिंदी रूपं. हिंदीत ‘हारमोनियम’ असं लिहिलेलं सापडतं, ‘घराणे’चं ‘घराना’ होतं, ‘पंडित’ कधी ‘पण्डित’ असतो, ‘बंदिश’ कधी ‘बन्दिश’. अनुस्वार आणि परसवर्ण ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘बालगंधर्व’ एका शब्दात, ‘बाल गंधर्व’ दोन शब्दांत आणि ‘बालगन्धर्व’ हे तीनही वेगवेगळे शोध होतात. नुक्त्याचंही तसंच: ‘ख्याल’, ‘खयाल’ आणि नुक्ता दिलेला ‘ख़याल’ एकमेकांना सापडवून देत नाहीत.

रोमन लिपीत खरा गोंधळ आहे. ‘ख्याल’ कुणी के-एच-वाय-ए-एल असा लिहितं, कुणी मध्ये आणखी एक ‘ए’ घालतं. बंगाली संशोधकाच्या शीर्षकात तिथे ‘ई’ येऊ शकते. ‘संगीत’च्या शेवटी डबल ई की आय, ‘ताल’मध्ये एक ए की दोन, शेवटी जादा ‘ए’ जोडला आहे की नाही, ‘गंधर्व’मध्ये व्ही की डब्ल्यू, असा प्रत्येक शब्दाचा हिशेब मांडा. थिरकवा हे नाव तर किमान चार तऱ्हांनी लिहिलं जातं: ‘क’ला नुसतं ‘के’ किंवा ‘के-एच’, सुरुवातीला ‘टी-एच’ किंवा नुसता ‘टी’. परदेशी प्रबंधांत अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं असलेली शास्त्रीय रोमन लिपी असते. तिथे चिन्हांसह एकदा आणि चिन्हं काढून एकदा, असं दोनदा शोधायचं.

शेवटी नावं. विषयावरचे शब्द चुकतात तिथे माणसांची आणि मंडळींची नावं उपयोगी पडतात. वाद्यसाथीसाठी गोविंदराव टेंबे, अहमदजान थिरकवा, कादरबक्ष ही नावं, आणि किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी, ललितकलादर्श, बलवंत संगीत मंडळी या कंपन्या. थिरकवांवरच्या प्रबंधाच्या शीर्षकात नाट्यसंगीताचा उल्लेखही नसेल, पण गंधर्व मंडळीतल्या त्यांच्या वादनाबद्दल आत अख्खं प्रकरण असू शकतं.

सावधान: ‘संगीत नाटक’ हे शब्द रोमनमध्ये टाकले की संगीत नाटक अकादमीचा उल्लेख असलेले निकाल ढिगाने येतात. त्यासोबत ‘मराठी’ किंवा कंपनीचं नाव जोडल्याशिवाय ते शब्द वापरू नका.

तपासणी: यादीत देवनागरी आणि रोमन मिळून किमान ४० रूपं झाली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी ३: शोधगंगा, तीन वाटांनी

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ हे भारतीय प्रबंधांचं मुख्य भांडार. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची ई-प्रत देणं बंधनकारक केलं. त्यामुळे त्यानंतरचे प्रबंध बऱ्या प्रमाणात सापडतात. आधीचे प्रबंध विद्यापीठांनी मागाहून स्कॅन करून चढवले तेवढेच मिळतात, आणि हे काम सगळीकडे सारखं झालेलं नाही. एखाद्या विद्यापीठाचा १९८५ चा प्रबंध असेल आणि १९९२ चा नसेल, असं सर्रास दिसतं.

वाट अ: विद्यापीठ आणि विभाग. मुखपृष्ठावरच्या शोधचौकटीकडे लगेच जाऊ नका. आधी विद्यापीठांची यादी उघडा, विद्यापीठ निवडा, त्याचे विभाग पाहा आणि संगीताशी संबंधित विभागातली शीर्षकं एकेक करून डोळ्यांखालून घाला. हे हाताने चाळणं जुन्या पद्धतीचं वाटेल, पण स्पेलिंगच्या चुकांवर याहून खात्रीचा उपाय नाही. शीर्षक कुणी कसंही टाइप केलेलं असो, माणसाचा डोळा ते ओळखतो.

विभागाचं नाव सगळीकडे ‘संगीत’ नसतं. कुठे परफॉर्मिंग आर्ट्स, कुठे ललित कला, कुठे संगीत व नाट्यशास्त्र, कुठे सगळंच ‘कला विद्याशाखा’ या एका नावाखाली. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मुंबई, एसएनडीटी, पुणे, शिवाजी, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ, भारती विद्यापीठ आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ एवढी तरी चाळायलाच हवीत. बाहेरची: खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्ली, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बनस्थली, ग्वाल्हेरचं राजा मानसिंह तोमर विद्यापीठ. आपल्या उदाहरणासाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठही सोडून चालणार नाही. मराठी संगीत नाटकाचा आणि उत्तर कर्नाटकातल्या कंपनी नाटकांचा संबंध जवळचा आहे.

नामांतरं लक्षात ठेवा. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये मिळालं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर जुनं नाव आणि यादीत नवं, किंवा उलट, असं होतंच.

आता या पायरीतली सर्वांत मोठी चूक. संगीतावरचा प्रबंध संगीत विभागातच असेल असं धरून चालू नका. संगीत नाटकांवरचं काम मराठी विभागात आणि नाट्यशास्त्र विभागात असतं. नाटक कंपन्यांच्या अर्थकारणावरचं इतिहासात. लावणी-तमाशावरचं समाजशास्त्रात आणि लोकसाहित्यात. तंबोऱ्याच्या जवारीवर किंवा तबल्याच्या शाईवर काम करणारा माणूस पदार्थविज्ञान विभागात बसलेला असतो, राग ओळखणारी संगणकप्रणाली बनवणारा इलेक्ट्रॉनिक्समध्ये, संगीतोपचारावर लिहिणारा मानसशास्त्रात. एका विद्यापीठाचे निदान संगीत, मराठी, नाट्य आणि इतिहास हे चार विभाग चाळल्याशिवाय त्याच्यापुढे ‘झालं’ अशी खूण करू नका.

वाट आ: शब्दांनी शोध. आता शब्दयादी काढा आणि एकेक रूप टाकत जा. दोन शब्द टाकल्यावर निकाल हजारांत गेले तर शब्दसमूहाला दुहेरी अवतरणचिन्हं द्या. शीर्षकाच्या रकान्यात वेगळा शोध घ्या, कीवर्डच्या रकान्यात वेगळा. मराठी प्रबंधाचं शीर्षक नोंद करणाऱ्याने कधी देवनागरीत ठेवलेलं असतं, कधी रोमन अक्षरांत उतरवलेलं असतं, तर कधी त्याचं सरळ इंग्रजी भाषांतर केलेलं असतं. तिन्ही शक्यता धरा.

हाच शोध गूगलमधूनही घेता येतो. ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून शोधगंगेचा पत्ता, मग जागा सोडून आपले शब्द अवतरणचिन्हांत. संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधात न सापडलेली प्रकरणं या वाटेने अनेकदा हाती लागतात.

वाट इ: मार्गदर्शकाच्या नावाने. एक उपयोगी प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकाच्या नावावरून त्यांच्या हाताखाली झालेले बाकीचे प्रबंध काढा. एका गाइडकडचे विषय एकमेकांना लागून असतात. इथेही नावाची रूपं बदलतात: आडनाव आधी, आद्याक्षरं, ‘डॉ.’सह, ‘डॉ.’शिवाय.

याच केंद्राचं ‘शोधगंगोत्री’ हे वेगळं भांडार आहे. तिथे नोंदणी झालेल्या संशोधनाचे आराखडे असतात. सध्या कुणी आपल्याच विषयावर काम करत आहे का, हे कळायची ही जागा. सिनॉप्सिस देण्याआधी ती न पाहणं महागात पडतं.

## मधली तपासणी: मजकूर खरोखर शोधण्याजोगा आहे का?

शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. फायलींच्या नावाआधी क्रमांक असतात. ०१ म्हणजे मुखपृष्ठ. पुष्कळ ठिकाणी शेवटी ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ नावाची फाइल दिसते. तीत बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्ष असतात. प्रबंध उपयोगाचा आहे का हे ठरवायला आधी तीच उघडा, अर्धा तास वाचतो.

पीडीएफ उघडली, कंट्रोल-एफ दाबून ‘ऑर्गन’ टाकलं, काहीच आलं नाही. म्हणून प्रबंधात ऑर्गनचा उल्लेख नाही असं ठरवू नका. एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

शुद्ध देवनागरी उमटली, तर फाइल युनिकोडमध्ये आहे; शोध चालेल.

ओळ निवडताच आली नाही, तर पानं नुसती चित्रं आहेत. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करावं लागेल किंवा अनुक्रमणिका पाहून पानं उलटावी लागतील.

इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता उमटला, तर मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये आहे. हिंदी आणि विदर्भातल्या प्रबंधांत कृतिदेव फार. कृतिदेवमध्ये ‘संगीत’ हा शब्द आतून एल-ए-एक्स-एच-आर असा साठवलेला असतो. फाँट कृतिदेव असेल तर कंट्रोल-एफमध्ये ही पाच छोटी इंग्रजी अक्षरं टाकून पाहा, ‘संगीत’ सापडेल. बाकीच्या शब्दांसाठी युनिकोडचं कृतिदेवमध्ये रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत. आपला शब्द त्यात बदलून घ्यायचा आणि शोधचौकटीत चिकटवायचा. गूगलला हा मजकूर वाचता येत नाही. म्हणून असे प्रबंध आतल्या मजकुरावरून कधीच सापडत नाहीत, फक्त शीर्षकावरून सापडतात. वाट ‘अ’चा एवढा आग्रह त्यासाठीच आहे.

## पायरी ४: शोधगंगेत नसलेले भारतीय प्रबंध

पहिली जागा विद्यापीठाचं स्वतःचं भांडार. गोवा विद्यापीठासारख्या काही विद्यापीठांनी आपले प्रबंध स्वतःच्या डिजिटल संग्रहातही ठेवले आहेत. दुसरी, ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे संगणकावरची ग्रंथसूची: पुण्याचं जयकर ग्रंथालय, कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. ओपॅकमध्ये साहित्यप्रकार ‘प्रबंध’ असा निवडता येत असेल तर निवडा, नाहीतर पुस्तकांच्या गर्दीत प्रबंध दिसत नाही. दाखल क्रमांक लगेच उतरवून घ्या.

तिसरी जागा बहुतेकांना ठाऊकच नसते. भारतीय विश्वविद्यालय संघाचं ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ हे साप्ताहिक पदवी मिळालेल्या प्रबंधांच्या याद्या छापतं. संघाने डॉक्टरेट प्रबंधांच्या सूचीही पुस्तकरूपाने काढल्या आहेत. जुन्या प्रबंधांचा माग काढायला विद्यापीठ ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून या सूची चाळाव्यात. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि इंटरनेट आर्काइव्ह इथेही एकेक फेरी मारा.

एम.फिल. आणि एम.ए.चे लघुप्रबंध हा वेगळा साठा आहे. शोधगंगेचा भर पीएच.डी.वर आहे. यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं, पण तोवरचे लघुप्रबंध विभागांच्या कपाटांत आहेत. संगीतात ते दुर्लक्षू नयेत. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या पेटीवादकाची सविस्तर मुलाखत अशाच ८०-९० पानी कामात सापडते. विभागप्रमुखांना पत्र लिहून यादी मागा.

## पायरी ५: परदेशातले प्रबंध

आधी शब्दांचा अर्थ पक्का करा. अमेरिकेत पीएच.डी.च्या प्रबंधाला ‘डिसर्टेशन’ म्हणतात आणि मास्टर्सच्या कामाला ‘थीसिस’. ब्रिटनमध्ये बरोबर उलट. भारतातली प्रथा ब्रिटनसारखी. याशिवाय अमेरिकेत ‘डीएमए’ ही वादन-गायनप्रधान डॉक्टरेट आहे. तिचं लेखन ‘डॉक्युमेंट’ किंवा ‘ट्रीटिज’ म्हणून नोंदलेलं असतं. ‘थीसिस’ एवढाच शब्द गाळणीत ठेवला तर निम्मा माल निसटतो.

भारतीय संगीतावरचं काम तिकडे ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’, मानववंशशास्त्र, दक्षिण आशिया अभ्यास आणि नाट्य-इतिहास या नावांखाली असतं. शोधायचा क्रम असा ठेवा.

१. अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटीची संगीतशास्त्रीय डॉक्टरेट प्रबंधांची सूची, जी ‘डीडीएम’ या नावाने ओळखली जाते. मोफत आहे आणि चालू असलेलं कामही तीत दिसतं.

२. ‘रिल्म’. १९६६ मध्ये सुरू झालेली ही सूची संगीतविषयक लेखनाचे सारांश देते. वर्गणी लागते, आपल्या विद्यापीठाकडे आहे का ते ग्रंथपालांना विचारा.

३. ‘प्रोक्वेस्ट’चा प्रबंधसंग्रह. पूर्ण प्रतीसाठी वर्गणी हवी, पण बऱ्याच प्रबंधांची पहिली २४ पानं पाहायला मिळतात. त्यात अनुक्रमणिका येते, आणि प्रबंध पुढे मागवायचा की नाही हे ठरवायला ती पुरते.

४. ‘ओएटीडी’, ‘डार्ट-युरोप’ आणि ‘कोअर’: मुक्तपणे उपलब्ध प्रबंधांसाठी.

५. थेट विद्यापीठाचं भांडार. लंडनचं सोआस, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ‘ई-स्कॉलरशिप’, मिशिगनचं ‘डीप ब्लू’. राग-तालाच्या संगणकीय विश्लेषणावर काम करणाऱ्यांनी बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पातले प्रबंध पाहावेत. हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही संगीतांवर तिथे काम झालं आहे.

सावधान: जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ब्रिटिश प्रबंधांसाठी ब्रिटिश लायब्ररीची ‘ईथॉस’ सेवा पहिली सांगितलेली असते. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ती बंद पडली. तिच्यावर विसंबून शोध आखू नका. ज्या विद्यापीठाचा प्रबंध आहे त्याच्याच भांडारात जा.

प्रोक्वेस्टवर पैसे मागितले म्हणून लगेच भरू नका. तोच प्रबंध लेखकाच्या विद्यापीठाने मोफत ठेवलेला असण्याची शक्यता बरीच असते. शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून आधी तो शोध घ्या. नाहीच मिळाला तर लेखकाला नम्र, चार ओळींचं ईमेल लिहा: आपण कोण, विषय काय, कोणतं प्रकरण हवं आणि कशासाठी. ‘प्लीज सेंड युवर थीसिस’ एवढ्या एका ओळीला उत्तर येत नाही.

## पायरी ६: संदर्भसूचीची साखळी

आतापर्यंत १५-२० प्रबंध हाती लागले असतील. आता प्रत्येकाची संदर्भसूची उघडा आणि त्यातले फक्त प्रबंध वेगळे काढा. मराठी-हिंदी प्रबंधांत ते ‘अप्रकाशित शोधप्रबंध’ या उपशीर्षकाखाली असतात. शोधगंगेत कधीच न चढलेले १९७०-८० च्या दशकांतले प्रबंध इथेच दिसतात.

सूचीतली नोंद खरी धरून पुढे उद्धृत करू नका. एकाच प्रबंधाचं वर्ष तीन सूचींमध्ये तीन तऱ्हेचं असतं: सादर केल्याचं, पदवी मिळाल्याचं आणि नंतर पुस्तक निघाल्याचं. संकेतस्थळावर फाइल चढवल्याची तारीख तर आणखी वेगळी. प्रमाण एकच, मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्राचं पान.

नवीन सूचीत ओळखीचीच नावं परत परत दिसायला लागली की शोध पुरेसा झाला असं समजायला हरकत नाही. त्याआधी थांबू नका.

## पायरी ७: छापील प्रत पाहायला जाताना

ग्रंथालयात प्रबंध घरी मिळत नाही. तिथेच बसून वाचायचा असतो. निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रत जागेवर आहे का, बाहेरच्या संशोधकाला शुल्क किती, आणि झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढायला परवानगी आहे का. जुने प्रबंध बांधणीला किंवा स्कॅनिंगला गेलेले असतात, आणि तेवढ्यासाठी प्रवास फुकट जातो.

सोबत विभागप्रमुखांच्या किंवा गाइडच्या सहीचं, विभागाचा शिक्का असलेलं पत्र न्या. त्यात आपला नोंदणी क्रमांक, आणि हव्या असलेल्या प्रबंधाचं शीर्षक, संशोधक, वर्ष व दाखल क्रमांक असू द्या. ‘संगीतविषयक प्रबंध पाहायचे आहेत’ एवढ्या मोघम पत्रावर काउंटरवरून परत पाठवलं जातं. दोन ओळखपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्सही ठेवा.

मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या खिशात कॅसेट किंवा सीडी आहे का ते पाहा. डिजिटल प्रतीत ती जवळपास कधीच येत नाही, आणि संगीतात निम्मा पुरावा तिच्यातच असतो. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्राममधल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत अभिलेखागारात, म्हणजे ‘एआरसीई’मध्ये, चौकशी करावी. प्रबंधाच्या परिशिष्टात ध्वनिफितींचे क्रमांक दिलेले असले तर ते बरोबर न्या.

## पायरी ८: पारख, आणि स्वरलेखनाचा धोका

आपल्याकडच्या संगीत प्रबंधांत पहिली एक-दोन प्रकरणं पुष्कळदा सारखीच असतात: संगीताचा उगम, नादाची व्याख्या, ग्रंथकारांचे काळ. त्यात वेळ घालवू नका. वाचनाचा क्रम असा: निष्कर्ष, परिशिष्टं, मुलाखती, मग मुख्य विश्लेषणाचं प्रकरण. मुलाखती शब्दशः दिल्या असतील तर तो प्रबंध जपून ठेवा, त्याचे निष्कर्ष पटले नाहीत तरीही. बोलणारा कलावंत आज हयात नसेल, तर ती पानं हाच मूळ पुरावा.

बंदिशी किंवा नाट्यपदांची स्वरलिपी उतरवून घेताना आधी पद्धत कोणती ते ठरवा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र सप्तकाचं. भातखंडे पद्धतीत ‘म’वर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम, पलुस्कर पद्धतीत स्वरावरची उभी रेघ तार सप्तक दाखवते. टिंब एकच, अर्थ दोन सप्तकं लांब. प्रबंधाच्या सुरुवातीला चिन्हांची यादी दिलेली असते, ती न पाहता स्वरावली उद्धृत केली तर संपूर्ण विश्लेषण चुकतं.

स्कॅनिंगमध्ये पहिल्यांदा पुसली जातात तीही हीच चिन्हं. कोमल स्वराखालची आडवी रेघ, मंद्राचं टिंब, मींडेची कमान. पीडीएफ १०० टक्क्यांवर ठेवून वाचू नका; ४०० टक्क्यांपर्यंत मोठी करा. ‘ग’खाली रेघ आहे की कागदावरचा डाग, अशी शंका आली तर राग पाहा, ध्वनिमुद्रण ऐका, आणि तरी ठरत नसेल तर छापील प्रतीवरून पडताळा. जुन्या फाँटमधल्या प्रबंधांत तर छपाईच्या वेळीच ही चिन्हं निसटलेली असतात. अशी स्वरावली पुरावा म्हणून वापरू नये.

तपासणी: उतरवलेली प्रत्येक ओळ पेटीवर वाजवून पाहिली का? मात्रा मोजल्या का? झपतालाच्या आवर्तनात दहाऐवजी नऊ मात्रा भरत असतील तर चूक प्रबंधात आहे की आपल्या वहीत, हे तिथल्या तिथे शोधा.

## पायरी ९: नोंद आणि सिनॉप्सिसमधलं वाक्य

प्रत्येक प्रबंधाची नोंद अशी ठेवा: संशोधकाचं नाव, पदवीचं वर्ष, शीर्षक मूळ भाषेत, ‘अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध’, विभाग, विद्यापीठ, आणि शोधगंगेवरचा असेल तर त्याचा हँडल क्रमांक. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता देऊ नका, तो बदलतो. शोधगंगेच्या हँडलमध्ये १०६०३ हा आकडा, तिरपी रेघ आणि त्यापुढे त्या प्रबंधाचा क्रमांक असतो. तो कायम राहतो. प्रबंधाचं पुढे पुस्तक झालं असेल तर जे प्रत्यक्ष वाचलं त्याचाच हवाला द्या. पुस्तकात मुलाखती आणि परिशिष्टं बरेचदा गाळलेली असतात, त्यामुळे पानं जुळत नाहीत.

आता ‘संशोधन झालेले नाही’ या वाक्याच्या जागी शोधनोंदीवरून परिच्छेद लिहा. कोणती भांडारं आणि कोणत्या विद्यापीठांचे कोणते विभाग पाहिले, कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या भाषांत. किती प्रबंध विषयाच्या जवळचे निघाले. त्यांतल्या कोणी नाट्यपदांच्या चालींवर भर दिला, कोणी नटांच्या गायकीवर, कोणी कंपन्यांच्या इतिहासावर. आणि ऑर्गन, सारंगी व तबल्याच्या साथीचा विचार त्यांत किती पानांत, कसा आला आहे. आपली जागा त्या उरलेल्या मोकळ्या भागात नेमकी दाखवा. असा परिच्छेद साधारण ३०० शब्दांचा होतो आणि आरआरसीत त्यावर प्रश्न आला तरी उत्तर हाताशी असतं.

शोध आणखी दोनदा करायचा आहे: सिनॉप्सिस देण्याच्या आठवड्यात आणि प्रबंध सादर करण्याच्या महिनाभर आधी. मधल्या चार-पाच वर्षांत नवे प्रबंध येतात, जुने नव्याने स्कॅन होतात. शोधनोंदीचं पान उघडा, तेच शब्द त्याच क्रमाने टाका आणि निकालांचे आकडे मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहा. जिथे आकडा वाढलेला दिसेल, तिथली नवी शीर्षकं उघडा.